जागा पकडणारी बुरशी

द्राक्षाचा सीझन आला की आमच्या ऑफिसात दरवर्षी एक ठरलेली चर्चा होते. कुणीतरी डबा उघडतं, हिरवीगार द्राक्षं बाहेर येतात, आणि लगेच दुसरं कुणीतरी विचारतं, "नीट धुतलीस ना? मिठाच्या पाण्यात ठेवलीस का? फार औषधं मारतात रे यांच्यावर." तिसरा सांगतो की तो हल्ली फक्त 'रेसिड्यू फ्री' लिहिलेली द्राक्षं घेतो, चार पैसे जास्त पडले तरी चालतील. चौथा म्हणतो, हे सगळं मार्केटिंग आहे. एवढ्यात कुणाची तरी मीटिंग सुरू होते आणि विषय संपतो.

मला या चर्चेत नेहमी जरा अवघडल्यासारखं होतं. कारण हे जे 'औषधं मारणारे' लोक आहेत ना, त्यांच्यातले एक माझे सख्खे मामा आहेत. निफाड तालुक्यात त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे. शाळेत असताना माझी प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिथे गेली. (मे महिन्यात बागेत द्राक्षं नसतात, खरड छाटणीनंतरची नुसती पालवी असते, हे माझ्या पुण्यातल्या मित्रांना दरवेळी नव्याने सांगावं लागतं.) गेली काही वर्षं मामा आणि माझा मामेभाऊ जैविक बुरशीनाशकं वापरतायत. म्हणजे बुरशी मारायला दुसरी बुरशी, नाहीतर जिवाणू. ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

तर मंडळी, आज द्राक्षाच्या रोगांबद्दल. घाबरू नका, शेतीशास्त्राचं लेक्चर नाही. (थोडंसं आहे.)

द्राक्षाला बुरशीचे मुख्य त्रास तीन: डाऊनी म्हणजे केवडा, भुरी आणि करपा. करपा पावसाळी हवेत कोवळ्या फुटीवर येतो, तो आज बाजूला ठेवू. डाऊनीला पाणी लागतं. पान काही तास ओलं राहिलं की त्याचे बीजाणू त्या पाण्यात अक्षरशः पोहत पानाखालच्या छिद्रांपर्यंत जातात आणि आत शिरतात. ऑक्टोबरात फळ छाटणी झाली, कोवळी फूट आणि घड बाहेर आले, आणि नेमका तेव्हाच पाऊस लांबला, की बघता बघता घडच्या घड जातात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात हेच झालं होतं. भुरीचं उलटं. तिला पाऊस नको, ढगाळ थंड हवा आणि दाट सावलीची बाग हवी. मण्यांवर कुणी राख भुरभुरल्यासारखी दिसते. मग साल खरखरीत होते, मणी तडकतो आणि तो घड कुणी विकत घेत नाही.

यात एक गंमत आहे. डाऊनी ही शास्त्राप्रमाणे खरी बुरशी नाहीच. खऱ्या बुरशीच्या पेशीभिंतीत कायटीन असतं, याच्या भिंतीत मुख्यतः सेल्युलोज. नात्याने तो शेवाळांच्या जवळचा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

द्राक्षावरच्या औषधाची गोष्टही भारी आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेडॉक भागात शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडायचे. कशासाठी? तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत म्हणून! निळसर पांढरा थर बघून कुणी हात लावत नसे. अमेरिकेतून आलेल्या डाऊनीने तेव्हा युरोपातल्या बागा चालवल्या होत्या. १८८२ साली मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की बाकी बाग गेली तरी रस्त्याकडेच्या त्या वेलींची पानं शाबूत आहेत. १८८५ साली त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडलं. तेच बोर्डो मिश्रण. मामा आजही पावसाळ्यात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद या मापाने ते मारतात. एवढ्या वर्षांत डाऊनीला तांब्यावर तोड सापडलेली नाही, कारण तांबं एकाच वेळी पेशीतल्या दहा गोष्टी बिघडवतं.

नंतर आली ती आंतरप्रवाही औषधं. ही पानात शिरतात आणि बुरशीतली एकच नेमकी यंत्रणा बंद पाडतात. काम एकदम चोख. पण एकच कुलूप असलं की एकच किल्ली पुरते. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्या सर्व्हरना एकच पासवर्ड. स्ट्रॉबिल्युरिन गटाचंच बघा. १९७७ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या एका छोट्या अळिंबीतून तो पदार्थ वेगळा केला. ती अळिंबी आपल्या शंकूवर दुसरी बुरशी येऊ नये म्हणून तो बनवत होती. त्याची सुधारलेली रूपं १९९६ च्या सुमारास बाजारात आली, आणि दोन-तीन वर्षांत युरोपातल्या गव्हाच्या भुरीने ती पचवायला सुरुवातही केली. मग द्राक्षाचे रोग तरी कशाला मागे राहतील? म्हणजे बुरशीचं हत्यार आपण उचललं, कारखान्यात बनवलं, इतकं वापरलं की बोथट झालं. जैविक बुरशीनाशकाचा विचार इथे वेगळा पडतो. हत्यार उचलायचं नाही, हत्यार बाळगणाऱ्यालाच बागेत राहायला बोलवायचं.

हे काम करतं कसं? मला सगळ्यात सोपं वाटलं ते एसटीच्या उदाहरणाने. गाडी स्टँडला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडणारे लोक आठवतात ना? ट्रायकोडर्मा म्हणजे तो रुमाल. ही मातीत राहणारी, झपाट्याने वाढणारी हिरवी बुरशी. मुळांभोवतीची जागा आणि तिथलं खाणं ती आधी बळकावते. नंतर येणाऱ्या रोगाच्या बुरशीला बसायला जागाच उरत नाही. शिवाय ही बया नुसती बसत नाही. १९३२ साली वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखवलं की ती दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना विळखा घालून त्यांना खाते. कायटीन विरघळवणारी विकरं सोडते, भिंत फोडते, आतला माल संपवते. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू पानावर बसून बुरशीला मारक अशी द्रव्यं सोडतो. अँपेलोमायसिस तर आणखी पुढचा: तो भुरीच्या धाग्यात शिरतो आणि तिच्याच आत स्वतःचे बीजाणू तयार करतो. मात्र भुरी नसेल तर तो उपाशी, आणि हवेत दमटपणा नसेल तर आळशी.

आता मघाची गंमत आठवा. कायटीन फोडणारी विकरं डाऊनीच्या सेल्युलोजच्या भिंतीपुढे काय करणार? आणि डाऊनी तर काही तासांत पानाच्या आत. म्हणून मामा ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओल्या हवेत जैविकवर विसंबत नाहीत. तेव्हा रासायनिक औषधंच. "पाऊस पडतोय आन् मी बुरशीला बुरशी सोडून बघत बसू?" असं ते मला एकदा म्हणाले होते. 'जैविक की रासायनिक' ही भांडणं बहुधा ज्यांची बाग नसते त्यांच्यात होतात.

जैविकची खरी वेळ येते काढणीच्या आधीच्या चाळीस-पन्नास दिवसांत. कारण तेव्हा रासायनिक औषधाचा अंश मण्यात राहिला तर माल परत येऊ शकतो. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे सरसकट मर्यादा आहे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम! २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशावरून भारतीय द्राक्षं युरोपात अडकली होती. ते बुरशीनाशक नव्हतं, वेलीची वाढ आवरणारं रसायन होतं, पण तो फटका आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. अपेडाने २००६ पासून 'ग्रेपनेट' सुरू केलंय. त्यात निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद असते आणि काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. नमुना नापास झाला तर त्या बागेचा माल युरोपला जात नाही. मग मिळेल त्या भावाने इथेच विकायचा.

म्हणजे अडचण बघा. नमुना पास व्हायचा तर औषध मारायचं नाही. औषध नाही मारलं आणि भुरी आली तर नमुना द्यायला घड राहणार नाहीत. वर्षाचं सगळं उत्पन्न याच एका पिकावर, आणि सोसायटीचं कर्जही.

दोनेक वर्षांपूर्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी तिकडे गेलो होतो. छाटणी होऊन साधारण ऐंशी-पंच्याऐंशी दिवस झालेले, मण्यात पाणी उतरायला लागलेलं. आणि तीन दिवस सलग ढगाळ. विहिरीच्या बाजूच्या ओळी जरा दाट आहेत, तिथल्या काही घडांवर मामांना भुरी दिसली. दिसली म्हणजे काय, मला तर काहीच दिसलं नाही. मामांनी घड उलटा करून देठाजवळ बोट ठेवलं तेव्हा कुठे थोडी राख दिसली.

रात्री जेवताना बापलेकांचं जुंपलं. मामेभाऊ म्हणत होता की एक आंतरप्रवाही फवारणी घेऊन टाकू, विषय संपेल. प्रतीक्षा कालावधी कागदावर बसतोय. मामा म्हणाले, "कागदावर बसतोय. थंडीत औषध लवकर जिरत नाही, मागच्या साली शेजाऱ्याचा नमुना कशात गेला?" मामेभाऊ म्हणाला, "आणि तुमच्या त्या जिवाणूने नाही आवरली तर? मग आठ दिवसांनी काय मारणार?" याला मामांकडे उत्तर नव्हतं. कुणाकडेच नव्हतं. मामी शांतपणे भाकरी वाढत होत्या, पण त्यांचंही लक्ष तिकडेच होतं. मी आयुष्यात बऱ्याच 'गो / नो-गो' मीटिंगांना बसलोय. आमचा निर्णय चुकला तर रोलबॅक करतात, फार तर रात्र जागून काढतात. इथे रोलबॅक नव्हता.

ठरलं असं: विहिरीकडच्या ओळींतली दाट पानं काढायची, लागण झालेले घड कापून बागेबाहेर न्यायचे, आणि सगळ्या बागेत बॅसिलस सबटिलिस व अँपेलोमायसिसची फवारणी संध्याकाळी घ्यायची. संध्याकाळीच, कारण कडक उन्हात हे जीव मरतात. टाकी आधी दोनदा धुवायची, कारण तांब्याच्या औषधाचा अंश उरला असेल तर जिवाणू टाकीतच खलास. दर पाच-सहा दिवसांनी पुन्हा. रासायनिक औषध एकदा मारून शांत झोपता येतं. इथे रोज सकाळी प्रत्येक ओळीतून फिरायचं, घड उलटे करून बघायचे आणि वहीत लिहायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो मला आधी कळलाच नसता: पाकिटात जे आहे ते जिवंत असलं पाहिजे. आपल्याकडे ट्रायकोडर्मासारखी उत्पादनं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. एका ग्रॅममध्ये किमान वीस लाख जिवंत बीजाणू हवेत असा निकष आहे. पण कारखान्यातून निघालेलं पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दोन महिने पडलं तर? पाकिटावरचा आकडा तोच राहतो, आत उरते नुसती शंखजिऱ्याची पावडर. पॅरासिटामॉल उन्हात ठेवलं तर थोडं कमी काम करेल, पण ते मरत नाही. हे मरतं. आणि मेलेलं औषध दिसायला हुबेहूब जिवंतासारखंच.

मामेभावाने एकदा यावर घरगुती चाचणी शोधली. ज्वारी भिजवून मामींच्या कुकरमध्ये शिजवायची, गार झाल्यावर स्वच्छ पिशवीत भरून वर चिमूटभर पावडर टाकायची, आणि सावलीत ठेवून चार-पाच दिवस वाट बघायची. ट्रायकोडर्मा जिवंत असेल तर ज्वारी हिरवी होते. (हिरवं दिसलं म्हणजे ट्रायकोडर्माच असं नाही, दुसऱ्या बुरश्याही हिरव्या असतात. पण काहीच उगवलं नाही तर पावडर मेलेली, एवढं नक्की.) त्याने दोन दुकानांतली पाकिटं अशी तपासली. एकाची ज्वारी गर्द हिरवी. दुसरीची सहाव्या दिवशीही पांढरीस्वच्छ. ते दुसरं पाकीट मुदतीच्या आतलं होतं, पक्कं बिल होतं. दुकानदार म्हणाला, "तुम्ही शेणखतात नीट मिसळलं नसेल." तेव्हापासून ज्वारी उगवल्याशिवाय पाकीट बागेत जात नाही. आणि मामींनी बजावलंय की तुमच्या बुरशीला वेगळा कुकर आणा. आणला. :-)

'जैविकने फरक पडत नाही हो' असं म्हणणारे शेतकरी मी खूप ऐकलेत. त्यातल्या किती जणांनी नुसता शंखजिरा फवारला असेल, देव जाणे. किती जणांनी रोग दिसल्यावर रुमाल टाकला असेल, म्हणजे गाडी भरून निघाल्यावर! आणि काहींनी ट्रायकोडर्मा टाकून आठवड्याभरात त्याच मुळांशी कार्बेन्डाझिम ओतलं असेल, ज्याने ट्रायकोडर्माही मरतो. एकेका पाकिटात दोष असतोच असं नाही. पण दुकानात ते रासायनिक औषधाच्या शेजारी, तसल्याच पाकिटात, 'दोन ग्रॅम प्रति लिटर' अशा तसल्याच सूचनेसह विकलं जातं. मग माणूस ते तसंच वापरणार ना? विकताना औषध म्हणून विकायचं आणि सांभाळायची अपेक्षा मात्र पाळीव जनावरासारखी, हा घोळ आहे.

त्या वर्षी बाग वाचली. पूर्ण नाही. विहिरीकडच्या दहा ओळींतले बरेच घड काढून टाकावे लागले. तिथे आंतरप्रवाही फवारणी घेतली असती तर बहुतेक वाचले असते असं मामेभाऊ अजूनही म्हणतो, आणि त्याचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नाही. बाकी बागेचा नमुना पास झाला. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. द्राक्षवेलींवरच सापडलेले बॅसिलस सबटिलिसचे काही वाण औषधांचे उरलेले अंशही तोडतात, असं तिथल्या संशोधकांच्या कामातून दिसलंय. आमच्याकडे त्याचा किती हात होता हे सांगता येणार नाही, पण मामांना तेव्हापासून त्या जिवाणूबद्दल घरच्या माणसासारखं बोलायची सवय लागलीय.

मग भाव? निर्यातदाराने भाव दिला तोच, जो सगळ्यांना दिला. एक रुपया जास्त नाही. नमुना पास म्हणजे पास. शेवटच्या दीड महिन्यात तुम्ही काय मारलं नाही, किती रात्री झोपला नाहीत, याचा रकाना त्या कागदावर नसतो.

मला यातून जे कळलं ते एवढंच. ही गोष्ट चालते, पण ती वेळेवर, जिवंत आणि रोज लक्ष ठेवून केली तरच चालते. आणि चालेपर्यंतची सगळी धाकधूक एकट्या बागाईतदाराच्या डोक्यावर असते. आपण शहरात बसून 'केमिकल नको' म्हणतो, ते बरोबरच आहे. पण त्या 'नको'ची जोखीम कोण घेतो, हे डब्यावर छापलेलं नसतं. तेव्हा एखाद्या आठवडी बाजारात थेट बागाईतदार भेटला तर 'ऑर्गॅनिक आहे का?' विचारण्यापेक्षा 'शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी, आणि कशाची?' हे विचारून बघा. जो माणूस खरंच हे सगळं करतो, तो अर्धा तास तरी बोलेल. आणि आवडलं तर घासाघीस न करता चार पैसे जास्त द्या, मधे कुणी नसताना तेच एक शक्य आहे.

मामांच्याकडे या एप्रिलच्या खरड छाटणीची तयारी सुरू आहे. शेणखत येऊन पडलंय, त्यात एकरी दोन किलो ट्रायकोडर्मा मिसळून, ओल धरून सावलीत झाकून ठेवायचं. मामेभावाने काल फोटो पाठवला: पिशवीतली ज्वारी, तिसऱ्याच दिवशी हिरवीगार.

असो. सोमवारी आमचा रिलीज आहे, आणि अजून टेस्टिंग बाकी आहे. पळतो.